एमएमए लढत पाहावी कशी: रंगत कुठं असते आणि ती कशी ओळखायची

७ मार्च २०२० रोजी लास वेगासमध्ये यूएफसी या अमेरिकी एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्तीच्या पकडी एकत्र असलेला खेळ) संस्थेच्या यूएफसी २४८ या कार्यक्रमात लागोपाठ दोन विजेतेपदाच्या लढती झाल्या. आधी महिलांच्या स्ट्रॉवेट गटात झांग वेइली आणि योआना येन्जेचिक भिडल्या. पाच राउंड, पंचवीस मिनिटं, आणि शेवटी जजांचं एकमत न होता दोन विरुद्ध एक अशा निकालानं झांग जिंकली. मग मिडलवेट गटात इस्रायल अडेसान्या आणि योएल रोमेरो उतरले. तीही लढत पूर्ण पाच राउंड चालली. पहिल्या लढतीचं नाव आजही सर्वोत्तम लढतींच्या चर्चेत हटकून निघतं, दुसरीची मात्र प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. पिंजरा तोच होता, नियम तेच, रात्रही तीच, आणि कौशल्यात चौघांपैकी कुणीच कमी नव्हतं.

फरक पडला तो धोका पत्करण्यात. झांग आणि येन्जेचिक दोघींनाही वार करायचा तर समोरचीच्या टप्प्यात शिरावं लागत होतं, आणि शिरलं की मार बसत होता. तरी दोघी शिरत राहिल्या. अडेसान्या आणि रोमेरो मात्र समोरच्यानं आधी हात उचलावा म्हणून थांबून राहिले. दोघांचाही भरवसा प्रतिवारावर. वारच झाला नाही तर प्रतिवार कशावर करणार? काहीतरी मिळवायला दोघांनाही काहीतरी पणाला लावावं लागतं, तेव्हा लढत रंगते. फटक्यांची संख्या, रक्त, नॉकआउट हे सगळं त्याच्यानंतर येतं. हा सौदा डोळ्यांना दिसायला लागला की जमिनीवर एकमेकांना धरून काढलेली चार मिनिटंही श्वास रोखून पाहावीशी वाटतात. तो दिसावा म्हणून कधी, कुठं आणि काय पाहायचं, ते पुढं क्रमानं येतं.

## आधी चौकट समजून घ्या

साधारण लढत तीन राउंडची असते. विजेतेपदाची लढत पाच राउंडची, आणि यूएफसीत रात्रीची मुख्य लढतही पाच राउंडची. एक राउंड पाच मिनिटांचा, मध्ये एक मिनिट विश्रांती. लढत संपायचे मुख्य मार्ग तीन: नॉकआउट (रेफरीनं मार थांबवला तर तांत्रिक नॉकआउट), सबमिशन म्हणजे गळा किंवा सांधा अडकल्यावर हार मानणं, आणि वेळ संपल्यावर तीन जजांचा निकाल.

घड्याळाची एक गोष्ट नवख्यांना गोंधळात टाकते. पडद्यावरचं घड्याळ पाच मिनिटांवरून खाली येतं, पण निकालातली वेळ शून्यापासून मोजलेली असते. निकालात ‘पाचवा राउंड, ४:५९’ लिहिलं असेल तर लढत संपायला एकच सेकंद उरला होता.

ग्लोव्ह्जकडे नीट लक्ष द्या, कारण पुष्कळ गोष्टी त्यांच्यापासून सुरू होतात. एमएमएचा ग्लोव्ह साधारण ४ औंसांचा, म्हणजे ११३ ग्रॅमच्या आसपास, बोटं उघडी. व्यावसायिक बॉक्सिंगचा ग्लोव्ह ८ ते १० औंसांचा असतो. बॉक्सर दोन्ही ग्लोव्ह्ज चेहऱ्यापुढं धरून मार अडवतो, तसं इथं जमत नाही. ग्लोव्ह लहान, त्यामुळे ठोसा फटीतून आत येतो. म्हणून एमएमएत बचाव मुख्यतः अंतर राखून आणि डोकं हलवून होतो. उघड्या बोटांमुळे मनगट, मान, पाय धरता येतात. कुणी हात वर धरून नुसता उभा राहिलेला दिसला की तो दमलाय किंवा गोंधळलाय असं समजायला हरकत नाही.

नियम सगळीकडे सारखे नसतात, हेही ध्यानात असू द्या. सिंगापूरच्या वन चॅम्पियनशिपमध्ये जमिनीवर असलेल्याच्या डोक्याला गुडघा मारता येतो आणि जज लढतीचा एकत्र विचार करून निकाल देतात. अमेरिकेतल्या नियमांत तसा गुडघा म्हणजे फाउल, आणि गुण राउंडप्रमाणे.

## लढतीआधीची दहा मिनिटं

इथं गुंतवलेली दहा मिनिटं पुढं पंधरा-पंचवीस मिनिटांची मजा वाढवतात. एक कागद घ्या, दोन्ही लढवय्यांची नावं लिहा आणि चार प्रश्नांची उत्तरं शोधा. प्रत्येकाच्या मागच्या दोन लढती चाळल्या तरी पुरे. त्यातली एक हरलेली असावी. हरलेल्या लढतीत माणसाच्या उणिवा दिसतात आणि जिंकलेल्या लढतीत त्या झाकलेल्या असतात.

पहिला प्रश्न: कुणाला लढत कुठं हवी आहे? लांबून लाथा, मध्यम अंतरावर ठोसे, बिलगून क्लिंच, की जमीन? दोघांची उत्तरं वेगळी असतील तर लढतीत आपोआप एक झगडा तयार होतो: लढत कुठं होणार, याचाच. दोघांची उत्तरं एकच असतील तर पुढचा प्रश्न विचारा, आधी पुढं कोण जाणार? दोघंही मागं सरून प्रतिवार करणारे असतील तर अपेक्षा बेताची ठेवा.

दुसरा प्रश्न: कुणाचा कुठला पाय पुढं? डावा पाय पुढं म्हणजे ऑर्थोडॉक्स, उजवा पुढं म्हणजे साउथपॉ. दोघांचा पवित्रा उलट असेल तर पुढचे पाय समोरासमोर येतात, जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) अडकतो, आणि मागच्या हाताचा सरळ ठोसा व मागच्या पायाची लाथ ही मुख्य हत्यारं होतात.

तिसरा प्रश्न: वजन कसं उतरवलं? वजन लढतीच्या आदल्या दिवशी घेतात. लाइटवेटची मर्यादा १५५ पौंड, म्हणजे ७०.३ किलो, पण पिंजऱ्यात उतरताना तो माणूस त्याहून बराच जड असतो, कारण शरीरातलं पाणी काढून वजन गाठलेलं आणि मग परत भरलेलं असतं. वजनकाट्यावर गाल आत गेलेले, ओठ सुकलेले, पायऱ्या चढताना आधार घेतलेला दिसला तर दुसऱ्या राउंडपासून त्याच्यावर लक्ष ठेवा. पाणी नीट भरून निघालं नसेल तर दम लवकर संपतो आणि ठोसा सोसण्याची ताकदही कमी पडते.

चौथा प्रश्न: वजनगट कोणता? फ्लायवेटमध्ये (५६.७ किलो) वेग आणि जमिनीवरच्या उलथापालथी भरपूर मिळतात. हेवीवेटमध्ये (मर्यादा १२०.२ किलो) एका ठोशात सगळं संपू शकतं, पण तोवर दोघं जपून राहतात आणि दमतातही लवकर. पहिल्यांदाच पाहणाऱ्यानं लाइटवेट किंवा बॅन्टमवेटपासून सुरुवात करावी हे बरं. तिथं वेगही असतो आणि संपवणारा जोरही.

## उभ्या लढतीत नजर पायांवर

नवखा प्रेक्षक हात पाहतो. हात इतके झटपट चालतात की काय झालं ते ठोसा बसल्यावरच कळतं. त्याऐवजी पहिल्या राउंडची पहिली दोन मिनिटं फक्त पाय पाहा.

एक, पिंजऱ्याच्या मध्यावर कोण आहे आणि जाळीकडे पाठ कुणाची? यूएफसीचा मोठा पिंजरा साधारण ९ मीटर रुंद असतो, छोटा साडेसात मीटरच्या आसपास. छोट्या पिंजऱ्यात मागं सरायला जागा कमी, म्हणून तिथं भिडंत जास्त होते. पाठ जाळीपासून दोन पावलांवर आली की त्या माणसाच्या हाती तीनच रस्ते राहतात: डावीकडे निसटणं, उजवीकडे निसटणं, किंवा मार देत पुढं येणं. तो दर वेळी एकाच बाजूनं निसटतो का, ते मोजा. तिसऱ्यांदा तो तिकडेच निघाला की समोरच्याची लाथ किंवा हुक (बाजूनं वळवून मारलेला ठोसा) तिथं वाट पाहत असतो.

दोन, हुलकावणीवर समोरच्याची हालचाल काय होते? खांदा किंचित हलवला, कंबर खाली नेली, पाऊल आपटलं, आणि ठोसा टाकलाच नाही, असं पहिल्या राउंडमध्ये कितीदा तरी होतं. ही माहिती गोळा करणं आहे. समोरचा हात खाली आणतो का, मागं कलतो का, डोळे मिटतो का? जे उत्तर मिळतं त्यावर पुढचा खरा वार बेतला जातो.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे २० ऑगस्ट २०२२ ची सॉल्ट लेक सिटीतली लिऑन एडवर्ड्स आणि कमारू उस्मान यांची लढत. पहिला राउंड एडवर्ड्सचा, पुढचे तीन उस्मानचे. पाचव्यातही उस्मान आरामात होता, एक मिनिटसुद्धा उरलं नव्हतं. साउथपॉ एडवर्ड्सनं डाव्या हाताच्या सरळ ठोशाची हूल दिली. तो ठोसा चुकवायला उस्माननं डोकं स्वतःच्या उजवीकडे नेलं आणि त्याच बाजूनं एडवर्ड्सची डावी लाथ डोक्यावर आली. ४:०४ ला लढत संपली. ही शेवटची दहा सेकंदं अर्ध्या वेगानं पाहा, आणि पाहताना लाथेकडे दुर्लक्ष करून फक्त उस्मानचं डोकं पाहा. लाथ निघायच्या आधीच ते तिच्या वाटेवर गेलेलं दिसतं.

तीन, वजन कुठल्या पायावर आहे? पुढच्या पायावर भार टाकून उभा राहणारा माणूस जोरात ठोसे मारतो, पण पोटरीवरची लाथ त्याला वेळेत उचलून अडवता येत नाही. पोटरीच्या बाहेरच्या बाजूला, गुडघ्याच्या जरा खाली, एक मज्जातंतू हाडाला लागून वरवर जातो. तिथं दोन-चार लाथा बसल्या की पाऊल बधिर होतं, वर उचलत नाही. जानेवारी २०२१ मध्ये डस्टिन पोरिएनं कॉनर मॅकग्रेगरला दुसऱ्या राउंडमध्ये ठोशांनी संपवलं, पण वाट पोटरीवरच्या लाथांनी केली होती. खुणा अशा: टाच अधांतरी राहते, माणूस अचानक पवित्रा बदलून दुसरा पाय पुढं करतो, पुढं येण्याचा वेग मंदावतो. समालोचक सांगायच्या आधी ही खूण तुम्ही पकडली की पुढचं सगळं वेगळंच दिसायला लागतं.

पोटावरचा मार हा असाच उशिरा उगवणारा. यकृत उजव्या बरगड्यांखाली असतं. तिथं ठोसा किंवा लाथ बसली की क्षणभर काहीच होत नाही, आणि मग माणूस दुमडून खाली बसतो. तितका नेमका बसला नाही तरी हिशेब चालूच असतो: कोपर बरगड्यांकडे उतरतं, आणि ते उतरलं की डोक्याची बाजू उघडी पडते.

हादरलेला माणूस ओळखायच्या खुणाही पाठ करून ठेवा. पाय एका रेषेत येतात किंवा फताडे पडतात. काही तयारी न करता दुरूनच पायांकडे झेप घेतली जाते. ‘काही लागलं नाही’ अशी मान हलवली जाते. ही मान बहुतेक वेळा चांगला फटका बसल्यावरच हलते.

## जाळीपाशी: इथंच बहुतेकांचा कंटाळा सुरू होतो

दोघं जाळीला बिलगून उभे, हालचाल जवळपास नाही, आणि प्रेक्षक ओरडायला लागतात. पण इथं चाललेली झटापट फार बारीक असते. ती वाचायला तीन जागा पुरतात.

काखा पाहा. ज्याचा हात समोरच्याच्या काखेखालून पाठीवर गेला आहे, म्हणजे ज्याला अंडरहुक मिळाला आहे, त्याच्या हातात दिशा असते. दोन्ही काखांत हात गेले तर तो समोरच्याला उचलू शकतो.

डोकं पाहा. ज्याचं डोकं समोरच्याच्या हनुवटीखाली रुतलेलं आहे तो दुसऱ्याला ताठ उभं करतो, आणि ताठ उभा झालेला माणूस ना गुडघे मारू शकतो, ना समोरच्याला ढकलू शकतो.

तळहात पाहा. कुणी दुहेरी पट काढायला (दोन्ही पाय धरून पाडायला) खाली गेला, तर त्याच्या दोन्ही हातांची पकड समोरच्याच्या मांड्यांमागं जुळते का? जुळली तर पाडणं जवळपास ठरलेलं. म्हणून वरचा माणूस सगळं सोडून ते मनगट उपटायच्या मागं लागतो. पकड सुटली, कंबर मागं फेकली, पाय फाकले, की पट फसला. एकेरी पटात वरचा एका पायावर उड्या मारत जाळीचा आधार घेतो. अंगाचा आधार चालतो, बोटांनी जाळी धरणं फाउल आहे. रेफरी हातावर चापट मारून बोटं सोडवताना दिसेल, कारण त्या एका पकडीनं पडायचा माणूस उभा राहतो.

तरीही काही वेळा जाळीपाशी खरोखरच काही होत नसतं. ओळखायचं कसं? दाबून धरणारा मांडीवर हलके गुडघे मारतोय, पट काढायचा प्रयत्न नाही, जागा बदलत नाही आणि घड्याळाकडे नजर टाकतो, तर तो वेळ काढतोय. इथं कंटाळा येणं रास्तच आहे.

## जमिनीवर

एमएमएचा सगळ्यात भरगच्च भाग हाच, आणि नवख्यांना सगळ्यात उशिरा आवडायला लागणाराही. १२ नोव्हेंबर १९९३ ला डेन्व्हरमध्ये पहिली यूएफसी स्पर्धा झाली, तेव्हा रॉइस ग्रेसी नावाच्या सडपातळ माणसानं एका रात्रीत तिघांना हार मानायला लावून ती जिंकली. जमिनीवर काय चालतं हे ठाऊक नसेल तर दांडगा माणूसही हतबल होतो, हे त्या रात्री जगाला दिसलं.

पहिलं पाऊल म्हणजे जागांची उतरंड पाठ करणं. खालच्याचे दोन्ही पाय वरच्याच्या कमरेभोवती असतील तर तो गार्ड. वरच्याचा एकच पाय खालच्याच्या पायांत अडकला असेल तर हाफ गार्ड. पाय सुटून वरचा आडवा छातीवर आला की साइड कंट्रोल. छातीवर मांड ठोकून बसला की माउंट. पाठीवर चढून दोन्ही पाय मांड्यांत अडकवले की पाठ मिळाली. वरच्यासाठी ही चढण आहे, खालच्यासाठी घसरण. राउंडमध्ये ही पायरी किती वेळा बदलली ते मोजा. पाच मिनिटांत चार-पाच वेळा बदलली तर लढत जिवंत आहे. एकदाही बदलली नाही आणि मारही नाही, तर नाही.

दुसरं पाऊल: खालचा माणूस काय करू पाहतोय ते ठरवा. त्याच्यासमोर पर्याय तीन: उठणं, उलथवणं, किंवा खालूनच डाव लावणं. उठायचं असेल तर तो घसटत जाळीपर्यंत जातो, पाठ तिला टेकवतो, एक हात जमिनीवर रोवतो आणि कंबर बाहेर काढतो. वरचा तो रोवलेला हातच ओढतो. हा एक हात कोण जिंकतं एवढंच पाहिलं तरी अर्धी कथा कळते. खालचा माणूस वरच्याची मान आपल्याकडे खेचून धरत असेल तर तो मार टाळतोय. वरच्याला मारायला अंतर लागतं, आणि ताठ बसायला मान सुटावी लागते.

पाठीवरून गळा आवळण्याचा डाव नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण सबमिशनमध्ये तो सर्वाधिक दिसतो. त्याचा क्रम असा चालतो. आधी पाय: दोन्ही टाचा मांड्यांच्या आत, किंवा एक पाय पोटावरून नेऊन दुसऱ्या गुडघ्यामागं अडकवलेला. दुसरा प्रकार सुटायला फार अवघड. मग हात: वरच्याचा एक हात गळ्याकडे निघतो, खालचा दोन्ही हातांनी तो एकच हात धरून ठेवतो. वरचा कधी कधी कानावर ठोसे मारतो. त्याचा हेतू एवढाच की खालच्यानं चेहरा झाकायला एक हात सोडावा. मग हनुवटी: खालच्यानं ती छातीला चिकटवलेली असते. कोपराचा कोन हनुवटीच्या बरोबर खाली आला आणि हात दुसऱ्या दंडावर बसला की डाव पुरा. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते. टॅप करायचं (हातानं थोपटून हार मानायची) की बेशुद्ध पडायचं, एवढंच हातात उरतं. हनुवटीवरूनच आवळलं असेल तर दुखतं खूप, पण बरेच जण त्यातून सुटतात. प्रेक्षक मात्र दोन्ही वेळा सारखेच किंचाळतात.

आर्मबारमध्ये, म्हणजे हात ताणून कोपराचा सांधा उलटा वाकवण्याच्या डावात, वरच्या-खालच्याचा विचार सोडून कोपर पाहा. डाव लावणाऱ्याचे गुडघे आवळलेले आणि समोरच्याचं कोपर त्याच्या कमरेपलीकडे ओढलं गेलेलं असेल तर शेवट जवळ आला. कोपर अजून कमरेच्या अलीकडेच असेल तर सुटायला वाव आहे. तो उठून, सगळं वजन पुढं टाकून डाव लावणाऱ्याला दुमडून टाकतो.

७ ऑगस्ट २०१० ची अँडरसन सिल्वा आणि चेल सॉनन यांची लढत याच नजरेनं पाहावी. चार राउंड सॉननचे. सिल्वाला तो पाडतोय, वरून मारतोय, पाचव्यातही तेच. सिल्वा खालून वाट पाहत होता. मारण्याच्या भरात सॉननचा एक हात आत आणि एक बाहेर राहिला, आणि ३:१० ला ट्रँगल (पायांनी मान आणि एक हात आवळणं) आणि आर्मबारच्या जोडडावात लढत संपली. वर असलेला माणूस जिंकतोय खरा, पण तो हात कुठं ठेवतोय, हे शेवटपर्यंत महत्त्वाचं.

## मधलं एक मिनिट

जाहिरात नसेल तर कोपऱ्यातलं बोलणं ऐका. चांगला प्रशिक्षक दोन सूचनांपेक्षा जास्त देत नाही. त्यातली एक कागदावर लिहून घ्या आणि पुढच्या राउंडमध्ये ती अमलात येते का ते पाहा. जखम कुठं आहे तेही पाहा. भुवईच्या वर कापलं असेल तर रक्त डोळ्यात उतरतं, अंतर कळेनासं होतं आणि डॉक्टर लढत थांबवू शकतात. कपाळाच्या वरच्या भागातली जखम दिसायला भयंकर असते, पण लढतीवर तिचा परिणाम कमी.

## स्वतः गुण द्या

लढतीत मन गुंतवण्याचा याहून चांगला उपाय नाही. राउंड संपला की समालोचकाचं मत कानावर पडायच्या आत आकडा लिहा. जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला बहुतेक वेळा ९. मार, वर्चस्व आणि त्याचा कालावधी यांत मोठा फरक असेल तर ८.

क्रम असा: आधी परिणामकारक मार आणि परिणामकारक पकडडाव, म्हणजे लढत संपण्याच्या जवळ कुणी नेली. तिथं दोघं अगदी समान वाटले तरच आक्रमकता, आणि तिथंही समान असतील तरच पिंजऱ्यावरचा ताबा. इथं दोन ठिकाणी घसरायला होतं. पाडून नुसतं धरून ठेवण्याला भाव फार कमी आहे, खालच्यानं कोपरानं कपाळ फोडलं असेल तर राउंड खालच्याचा असू शकतो. आणि पडद्यावरचा फटक्यांचा आकडा फसवा असतो, कारण त्यात हलका जॅब आणि गुडघे डळमळवणारा हुक दोन्ही एकेकच मोजले जातात.

राउंडच्या शेवटच्या तीस सेकंदांचा डोक्यावर फार पगडा बसतो. म्हणून अडीच मिनिटांनी कागदावर एक खूण करा: इथवर कोण पुढं? मग शेवटी आणखी एक. दोन्ही खुणा जुळल्या नाहीत तर तो राउंड खरोखर चुरशीचा होता, आणि तीन जजांची मतं वेगळी पडली तर नवल नाही. ते पिंजऱ्याच्या वेगवेगळ्या बाजूंना बसतात. एकाला दिसलेला ठोसा दुसऱ्याला पाठीमुळे दिसत नाही.

गुण मांडल्याचा खरा फायदा शेवटच्या राउंडमध्ये होतो. कोण मागं आहे हे तुम्हाला ठाऊक असतं, त्यामुळे कुणाला धोका पत्करावाच लागणार तेही कळतं. मागं असलेला सुरक्षित खेळत असेल तर त्याच्या कोपऱ्यानं त्याला खरं सांगितलेलं नाही. आणि पुढं असलेला आपणहून धोका पत्करतो, तेव्हा तर विचारूच नका. १३ एप्रिल २०२४ ला मॅक्स हॉलोवे जस्टिन गेचीविरुद्ध शेवटची दहा सेकंदं राहिली असताना पुढं होता. नुसता पळत राहिला असता तरी चाललं असतं. त्यानं पिंजऱ्याच्या मध्याकडे बोट दाखवलं, दोघं तिथं उभे राहून ठोसे देऊ लागले आणि ४:५९ ला गेची तोंडावर पडला.

## लढत रटाळ का होते

प्रतिवाराची वाट पाहणारे दोघं, हे कारण वर आलंच. दुसरं, पकडीत मोठा फरक आणि मारायची इच्छा नाही, तर पंधरा मिनिटं दाबून धरण्यात जातात. तिसरं, थकवा. तोंड उघडं, हात कमरेवर, लाथ मारून झाल्यावर पाय सावकाश खाली. चौथं कारण बाहेरून दिसत नाही: हात मोडलेला असतो. एखादा अचानक उजवा हात वापरायचाच थांबला तर हीच शंका घ्या, आणि मग तीच लढत एका हातानं कशी निभावतो म्हणून पाहा.

जपानच्या प्राइड स्पर्धेनं यावर कडक इलाज केला होता. अंगचोरी करणाऱ्याला रेफरी पिवळं कार्ड दाखवायचा आणि त्याच्या मानधनातले दहा टक्के कापले जायचे. यूएफसीत रेफरी आधी तोंडी तंबी देतो, मग जमिनीवरच्यांना उठवून उभं करतो. ही वेळ फार आधी आली तर वरच्यानं मेहनतीनं मिळवलेली जागा फुकट जाते, फार उशिरा आली तर प्रेक्षक हातचे जातात. आमच्या मते घाईनं उठवण्यापेक्षा थोडा उशीर बरा, कारण जमिनीवरचे चांगले डाव शिजायला वेळ घेतात.

आणि एखादी लढत या चारपैकी एका कारणानं बसली असेल तर खुशाल पुढची लावा. सगळी लढत पाहून संपवलीच पाहिजे असं काही नाही.

## सरावासाठी, या क्रमानं

पहिल्यांदा हॉलोवे आणि गेची पाहा, ठोसे आणि लाथांचं अंतर समजण्यासाठी. मग एडवर्ड्स-उस्मान, हुलकावण्यांसाठी. तिसरी सिल्वा-सॉनन, जमिनीसाठी. चौथी झांग-येन्जेचिक, स्वतः गुण द्यायला. पाचही राउंडचे आकडे लिहा आणि मगच जजांचे पाहा. पाचवी रॉबी लॉलर आणि रॉरी मॅकडोनाल्ड यांची ११ जुलै २०१५ ची दुसरी लढत. लॉलरचा डावा सरळ ठोसा मॅकडोनाल्डच्या मोडलेल्या नाकावर पुन्हा पुन्हा कसा जातो, ते तिसऱ्या राउंडपासून मोजत जा.

प्रत्येक लढत दोनदा पाहा. पहिल्यांदा आवाजासह, कागद बाजूला ठेवून. दुसऱ्यांदा आवाज बंद करून, फक्त हरणाऱ्याकडे पाहत. कॅमेरा आणि समालोचक दोघंही जिंकणाऱ्याच्या मागं धावतात, हरणाऱ्यानं काय करून पाहिलं ते आवाज बंद असतानाच दिसतं.

ज्यांचा निकाल अजून कळलेला नाही अशा जुन्या लढती निवडताना एक काळजी घ्या. व्हिडिओची एकूण लांबी निकाल फोडते. पाच राउंडच्या लढतीचा व्हिडिओ अकरा मिनिटांचा असेल तर ती दुसऱ्या राउंडच्या आसपास संपणार हे आधीच कळतं आणि ताण निघून जातो. म्हणून व्हिडिओ पूर्ण पडद्यावर लावा आणि खालच्या वेळेच्या पट्टीवर कागदाची पट्टी चिकटवून ठेवा. पूर्ण कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग मिळत असेल तर सुटी लढत न घेता तेच घ्या. त्यात पुढं किती वेळ उरलाय यावरून निकालाचा अंदाज सहसा येत नाही.